नव्या व्यवसायाचं चालू खातं: बँक निवडण्याआधी आपला गल्ला वाचा

माझ्या आतेबहिणीने साताऱ्यात भाजणी आणि मसाल्यांचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा चालू खातं उघडायला तिने एक दिवसही घालवला नाही. घराजवळ शाखा होती, तिथल्या अधिकाऱ्यांशी घरच्यांची ओळख होती आणि किमान शिल्लक अगदी कमी होती. पाच महिन्यांनी ती स्टेटमेंटचे कागद घेऊन माझ्याकडे आली. मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते, त्यामुळे असे कागद माझ्याकडे नेहमी येतात. रोख भरण्याचं शुल्क, दुसऱ्या शाखेत भरलेल्या रकमेचं वेगळं शुल्क, चेकबुकचे पैसे आणि प्रत्येकावर जीएसटी अशा ओळी दर महिन्याला होत्या. सगळं बँकेच्या दरपत्रकात छापलेलं होतं. तिची जवळपास निम्मी विक्री रोखीत होती आणि ते खातं रोख न हाताळणाऱ्या धंद्यासाठी बेतलेलं होतं, एवढीच गफलत.

असं दहातल्या सात जणांचं होतं, कारण आपण क्रम उलटा धरतो. आधी बँक ठरते, मग खात्याचा प्रकार, आणि आपला पैसा कसा फिरतो हे शेवटी कळतं. मी सांगते तो क्रम असा: आधी आपल्या पैशाची वाट कागदावर मांडा, मग कागदपत्रं जमवा, मग बँकांची दरपत्रकं उघडा.

बचत खात्यावर भागणार नाही का?

पहिल्या महिन्यात हा प्रश्न सगळेच विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यापारी किंवा व्यावसायिक संस्थेच्या नावाने, मग ती एकट्याच्या मालकीची असो वा भागीदारीची, बचत खातं उघडता येत नाही. बरेच जण स्वतःच्या नावाच्या बचत खात्यावर विक्रीचे पैसे घेत राहतात. दिवसाला चार-पाच ग्राहक असतील तोवर ते खपून जातं. नोंदी वाढल्या की बँक विचारणा करते आणि चालू खातं उघडायला सांगते.

खरा त्रास हिशेबात होतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून अनेक छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, हे तुम्ही वाचलं असेल. अशी नोटीस आली आणि भावाने पाठवलेले पैसे, भिशीची रक्कम आणि दुकानाची विक्री एकाच खात्यात असली, तर कोणती नोंद कशाची हे एकेक करून सिद्ध करावं लागतं. वर्षभरापूर्वीचे ४५० रुपये कोणी कशासाठी पाठवले हे कोणाच्या लक्षात राहतं? म्हणून पहिल्या विक्रीपासून खातं वेगळं ठेवा.

जीएसटी नोंदणी घेतली असेल तर घाईचं आणखी एक कारण आहे. नोंदणी मिळाल्यापासून ३० दिवसांत किंवा पहिलं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरण्याआधी, यातलं जे आधी येईल त्याआधी, बँक खात्याचा तपशील पोर्टलवर द्यावा लागतो. तो दिला नाही तर नोंदणी स्थगित होऊ शकते. खातं उघडायला कधी दोन दिवस लागतात, कधी तीन आठवडे. म्हणून नोंदणीचा अर्ज केला त्याच आठवड्यात बँकेचंही काम सुरू करा.

पायरी पहिली: महिन्याचा पैसा कागदावर मांडा

एक कोरी वही घ्या. डाव्या पानावर पैसा येतो कुठून आणि कसा, उजव्या पानावर जातो कुठे आणि कसा. धंदा चालू असेल तर रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पुढ्यात घ्या. सुरू व्हायचा असेल तर तसाच धंदा करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे दोन दिवस बसा आणि गल्ल्यात काय काय येतं ते पाहा.

बहिणीच्या वहीत असं निघालं. महिन्याची विक्री सुमारे ३,२०,००० रुपये. त्यात १,४०,००० रोख, कारण प्रदर्शनं आणि घरून होणारी विक्री. ६०,००० यूपीआयने. उरलेले १,२०,००० सातारा, कराड आणि वाईच्या दुकानदारांकडून, तीस ते पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर, बहुतेक चेकने. दुसऱ्या पानावर मिरची, धणे, खोबरं, कांडपाचे पैसे, पुण्याहून येणारं पॅकिंगचं सामान, चार बायकांची दर शनिवारची रोख मजुरी, गाळ्याचं भाडं आणि वीजबिल.

मांडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की सोमवारी ती बँकेत रोख भरत होती आणि शनिवारी मजुरीसाठी तीच काढत होती. भरताना शुल्क, काढायला अर्धा दिवस. विक्रीची रोख बँकेत भरलीच पाहिजे असा नियम नाही. ती रोजमेळात नोंदलेली हवी, आणि त्यातून केलेला खर्चही पावतीसह नोंदलेला हवा. मजुरी आता गल्ल्यातूनच जाते आणि उरलेली रोख बँकेत जाते.

इथे दोन मर्यादा ध्यानात ठेवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे. आणि एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही. मिरचीचं पोतं रोखीने घेण्याची बाजारातली सवय जुनी आहे, पण मोठं बिल बँकेतूनच द्या.

पुढच्या वर्षी कर्ज घ्यायचा विचार असेल तर मात्र जास्तीत जास्त विक्री खात्यातून फिरवा. बँक तुमची उलाढाल स्टेटमेंटवरून वाचते. गल्ल्यातल्या गल्ल्यात फिरलेला पैसा तिला दिसत नाही. तेव्हा रोख भरण्याचं थोडं शुल्क सोसावं लागलं तरी चालेल.

पायरी दुसरी: कागदपत्रं आणि नावाचं स्पेलिंग

एकट्याच्या मालकीचा व्यवसाय, म्हणजे प्रोप्रायटरशिप, असेल तर मालकाचं पॅन आणि आधार लागतंच. शिवाय व्यवसाय त्या नावाने चालतो हे दाखवणारे दोन पुरावे लागतात. उद्यम नोंदणीचं (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र, शॉप अॅक्टचा कागद, जीएसटी प्रमाणपत्र, अन्न व्यवसाय असेल तर त्याचा परवाना, व्यवसायाच्या नावाचं वीजबिल, असे पर्याय असतात. दोन पुरावे जमतच नसतील तर एका पुराव्यावर, जागेची पाहणी करून, खातं उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. ती वापरायची की नाही हे बँक ठरवते, पण ही सोय आहे हे तुम्हाला ठाऊक हवं. खिडकीवरच्या माणसाने 'दोन कागद नाहीत तर खातं नाही' असं सांगितलं तर शांतपणे मॅनेजरना भेटा.

उद्यम नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर पूर्ण मोफत होते. आधार, पॅन आणि अर्धा तास, एवढंच लागतं. सरकारी दिसणाऱ्या खासगी वेबसाइट त्यासाठी हजार-दोन हजार घेतात. त्यांच्याकडे फिरकू नका. शॉप अॅक्टला आपल्याकडे अजून गुमास्ताच म्हणतात. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानंतर थोडे कामगार असलेल्या दुकानाला पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन तिची पावती घ्यायची असते. ही पावती बँकेत दाखवता येते.

जीएसटी सगळ्यांना लागतो असं नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यातही फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेल्यावर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांवर गेल्यावर नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची होते. राज्याबाहेर माल पाठवणं, ऑनलाइन बाजारपेठांवर विकणं अशा बाबतींत नियम वेगळे आहेत, ते सल्लागाराला विचारून घ्या. केवळ खातं उघडायला कागद हवा म्हणून जीएसटी नोंदणी घेऊ नका. मग विक्री शून्य असली तरी विवरणपत्रं भरत बसावी लागतात.

भागीदारी असेल तर फर्मचं वेगळं पॅन, भागीदारीचा करारनामा, नोंदणीचा दाखला आणि सगळ्या भागीदारांची ओळखपत्रं लागतात. खात्यावर सही कोणाची चालेल, एकाची की दोघांची मिळून, हे करारात स्पष्ट लिहा. सख्ख्या भावांची भागीदारी असली तरी लिहा. खासगी कंपनीला स्थापनेचं प्रमाणपत्र, घटनापत्रकं (कंपनीचे उद्देश आणि नियम सांगणारे कागद) आणि संचालक मंडळाचा ठराव लागतो. भागभांडवलाचे पैसे खात्यात जमा झाल्याचं घोषणापत्र १८० दिवसांत दाखल केल्याशिवाय कंपनीला धंदा सुरू करता येत नाही, म्हणून कंपनीवाल्यांनी खातं लांबणीवर टाकू नये.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, उद्यमवर व्यवसायाचं नाव 'मसाले' आणि गुमास्त्यावर 'मसाला उद्योग'. अशा फरकापायी अर्ज परत आलेले मी कितीतरी पाहिलेत. अर्जाआधी सगळे कागद एका रांगेत मांडून नाव आणि पत्ता अक्षर-अक्षर जुळवा. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार, मालकाचं संमतिपत्र आणि वीजबिलाची प्रत हाताशी ठेवा. बँकेचा माणूस जागा पाहायला येऊ शकतो, म्हणून दारावर व्यवसायाच्या नावाची पाटी आधीच लावा.

पायरी तिसरी: कोणत्या प्रकारची बँक?

राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखा तालुक्याच्या गावापर्यंत आहेत आणि सरकारी योजनांची कर्जं तिथे जास्त फिरतात. खासगी बँकेचं अॅप बहुधा चांगलं असतं, पण किमान शिल्लक आणि शुल्कं चढी असतात. स्मॉल फायनान्स बँका छोट्या व्यावसायिकांना कर्ज द्यायला उत्सुक असतात, व्याज मात्र तपासून घ्यावं. पेमेंट बँकेत दिवसअखेर २ लाखांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि ती कर्जही देत नाही, म्हणून ते मुख्य खातं होऊ शकत नाही. जे अॅप 'डिजिटल बँक' म्हणून समोर येतं, त्याच्यामागे परवाना असलेली बँक कोणती, हे आधी विचारा. तुमचे पैसे तिच्याकडे असतात.

नागरी सहकारी बँकेबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण महाराष्ट्रातला छोटा व्यापारी तिच्याच आधाराने उभा राहिला आहे. तिथला मॅनेजर तुमच्या वडिलांना ओळखतो, बाजारपेठ ओळखतो, आणि कर्जाचा निर्णय गावातच होतो. ही मोठी गोष्ट आहे. तरी सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि पुढे ती सारस्वत बँकेत विलीन झाली. ज्यांचं खेळतं भांडवल अशा वेळी अडकतं, त्यांचे पुरवठादार थांबत नाहीत आणि कामगारांची मजुरीही थांबत नाही.

ठेव विमा महामंडळ प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत संरक्षण देतं. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, आणि चालू खात्यातली शिल्लकही त्यात येते. प्रोप्रायटरचं चालू खातं आणि त्याच बँकेतलं त्याचं स्वतःचं बचत खातं किंवा मुदत ठेव यांची बेरीज मात्र एकत्रच धरली जाते. एकाच बँकेत धंद्याचे ३ लाख आणि घरची ४ लाखांची ठेव असेल, तर विमा ७ लाखांना नाही, ५ लाखांनाच. भागीदारी फर्म आणि कंपनी यांची गणना मालकांपासून वेगळी होते. म्हणून माझं सांगणं असं: सहकारी बँकेत खातं जरूर ठेवा, पण घरच्या ठेवी दुसऱ्या बँकेत ठेवा.

पतसंस्था ही बँक नव्हे, आणि तिच्यातल्या ठेवींना हा विमा लागू नाही. दुकानात रोज संध्याकाळी येणारा पिग्मी एजंट बचतीची सवय लावतो, दिवाळीच्या मालासाठी ती रक्कम कामीही येते. तेवढ्यापुरती पिग्मी ठीक. विक्रीचा मुख्य पैसा तिथे ठेवू नका.

पायरी चौथी: दरपत्रक वाचा, आणि आकडे मांडा

प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर शुल्काचं दरपत्रक असतं. दोन-तीन बँकांची दरपत्रकं छापून घ्या आणि पहिल्या पायरीतली वही शेजारी ठेवा. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, हे गृहीत धरून पुढे वाचा.

किमान शिल्लक हा शब्द फसवा आहे, कारण बहुतेक ठिकाणी ती सरासरी असते: रोज दिवसअखेरच्या शिलकीची बेरीज भागिले दिवस. २५,००० ची मासिक सरासरी ३० दिवसांच्या महिन्यात म्हणजे एकूण बेरीज ७,५०,००० हवी. तुमच्या खात्यात वीस दिवस फक्त ५,००० राहिले तर ती बेरीज १,००,००० झाली. उरलेल्या दहा दिवसांत रोज ६५,००० ठेवले तरच सरासरी भरते. ज्यांचा पैसा महिन्याच्या शेवटी एकदम येतो त्यांनी तिमाही सरासरी मोजणारं खातं शोधावं. शिल्लक कमी पडली तर बचत खात्यावर दंड तुटीच्या प्रमाणात असावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चालू खात्याला तो लागू नाही, त्यामुळे शंभर रुपयांच्या तुटीलाही पूर्ण दंड लागू शकतो.

रोखीचा धंदा असेल तर दरपत्रकातला रोख भरण्याचा भाग सगळ्यात आधी वाचा. महिन्याला किती रोख मोफत भरता येते? त्यापुढे दर हजाराला किती रुपये? ही मर्यादा ठरावीक आहे की शिलकीच्या पटीत? आपल्या शाखेत आणि दुसऱ्या शाखेत दर सारखाच आहे का? सुट्या नाण्यांना आणि छोट्या नोटांच्या बंडलांना वेगळं शुल्क आहे का?

एक हिशेब करून दाखवते. किराणा दुकानात रोज १८,००० रोख जमते आणि महिन्याला २६ दिवस भरणा होतो. म्हणजे ४,६८,०००. समजा, पहिल्या खात्यात किमान शिल्लक शून्य आहे, पण मोफत भरणा २ लाखच, पुढे हजाराला ४ रुपये. जादा २,६८,००० वर १,०७२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १,२६५. वर्षाला पंधरा हजारांच्या वर. दुसऱ्या खात्यात ५०,००० सरासरी शिल्लक ठेवावी लागते, पण ६ लाखांपर्यंत भरणा मोफत. हेच ५०,००० मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ३,२५० मिळाले असते, तेवढंच नुकसान. ११ टक्क्यांच्या कर्जातून उभे केलेले असतील तर ५,५००. म्हणजे 'शून्य शिल्लक' लिहिलेलं खातं या दुकानदाराला तिप्पट-चौपट महाग पडतं. घरून शिकवण्या घेणाऱ्या किंवा डिझाइनचं काम करणाऱ्याला, ज्याची सगळी फी ऑनलाइन येते, त्याला मात्र तेच शून्य शिलकीचं खातं उत्तम. दर तुमच्या बँकेचे टाका, पद्धत हीच ठेवा.

वर्षात चालू खात्यांत एकूण ५० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली, तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रोजमेळ आणि विवरणपत्र त्या आकड्याशी जुळलं पाहिजे, इतकंच.

पैसे पाठवण्याचं शुल्कही बघा. ऑनलाइन एनईएफटी मोफत ठेवण्याचं बंधन बचत खात्यांपुरतं आहे. अनेक बँका चालू खात्यालाही ते मोफत देतात, पण गृहीत धरू नका. दिवसाची ऑनलाइन मर्यादा किती, हेही विचारा. पुरवठादाराचं ३ लाखांचं बिल द्यायचं आणि अॅप १ लाखावर अडतं, असं होऊ नये. चेकने पैसे येत असतील तर ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटण्याची पद्धत बदलली आहे. दिवसभर सलग क्लिअरिंग चालतं आणि पूर्वी दोन दिवस लागायचे तिथे त्याच दिवशी निकाल लागतो. तुम्ही दिलेल्या चेकलाही हेच लागू आहे. 'उद्या लागेल' या भरवशावर आज शिल्लक नसताना चेक देऊ नका.

आणि जीएसटी नोंदणी असेल तर अर्जातच बँकेला तुमचा जीएसटी क्रमांक द्या. शुल्कांवर लागलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तो आपल्या जीएसटीतून वजा करण्याची सोय, तेव्हाच नीट मिळतं. कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असाल तर ते मिळत नाही.

यूपीआय, साउंडबॉक्स आणि कार्ड

यूपीआयने थेट बँक खात्यातून पैसे आले तर दुकानदाराला त्यावर टक्केवारी द्यावी लागत नाही. जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. खर्च येतो तो साउंडबॉक्सच्या, म्हणजे पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या यंत्राच्या, मासिक भाड्याचा. ते भाडं किती, करार किती महिन्यांचा, आणि यंत्र परत केल्यावर भाडं कधी थांबतं, हे लिहून घ्या. यंत्र बंद कपाटात आणि भाडं चालू, अशी स्टेटमेंटं मी दर वर्षी पाहते.

क्यूआर बँकेचा घ्यावा की एखाद्या पेमेंट अॅपचा? दोन्ही चालतात. पैसे लगेच जमा होतात की दुसऱ्या दिवशी, एकेक नोंद दिसते की दिवसाची एक बेरीज, ते पाहा. हिशेबाला एकेक नोंद बरी. क्यूआर कोणताही असो, त्याला जोडलेलं खातं चालू खातंच आहे याची खात्री स्वतः एक रुपया पाठवून करा. मुलाच्या नावाचा क्यूआर काउंटरवर चिकटवलेला असतो आणि वर्षाअखेर विक्री कोणाची हा प्रश्न पडतो.

कार्ड मशीन घ्यायचं तर डेबिट कार्डावरच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला मशीनवरच्या व्यवहारावर जास्तीत जास्त ०.४० टक्के, तेही २०० रुपयांपर्यंत. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, म्हणून दर आधी ठरवून घ्या. आमच्या मसाल्याला मशीनची गरज पडली नाही. साडीचं किंवा मोबाइलचं दुकान असतं तर पहिल्या दिवसापासून लागलं असतं.

कर्जाचा विचार आजच

आज कर्ज नको असलं तरी दोन वर्षांनी यंत्र घ्यायचं, जागा वाढवायची असं येतंच. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. तरुण गटातलं कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. महाराष्ट्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाखालीही अनुदानासह कर्ज मिळतं. अर्ज येतो बँकेकडेच, आणि खातं ज्या शाखेत आहे तिथे तुमचा व्यवहार आधीच दिसत असतो. खातं उघडतानाच विचारा: 'या शाखेतून गेल्या वर्षी छोट्या व्यवसायांना मुद्राची किती कर्जं दिली?' उत्तर ज्या सुरात येतं त्यावरून बरंच कळतं.

चेक परत गेला, किंवा हप्त्याची स्वयंचलित वजावट शिल्लक नसल्याने फसली, तर ती नोंद स्टेटमेंटवर राहते. कर्ज देणारा अधिकारी तीच आधी शोधतो.

शाखेत जाऊन काय पाहायचं

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकराला जा. रोख भरण्याच्या रांगेत किती वेळ लागतो ते उभं राहून पाहा. पैसे भरायचं यंत्र आहे का, चालू आहे का? दोन वेळा गेलात आणि दोन्ही वेळा 'यंत्र बंद आहे' अशी पाटी दिसली, तर त्या शाखेत रोखीचा धंदा सांभाळणं अवघड जाईल. दुपारी जेवणाच्या वेळेनंतर चालू खात्याचं काम कोण बघतं, त्यांचा फोन लागतो का, हेही तपासा. रोज दुकान बंद ठेवून तीन किलोमीटर जावं लागत असेल तर दरपत्रकातली बचत त्यातच संपते.

अर्ज भरताना मोबाइल क्रमांक मालकाचाच द्या, हिशेबनिसाचा किंवा भाच्याचा नको. हिशेबनिसाला नेट बँकिंग पाहायला हवं असेल तर 'फक्त पाहण्याचा' वेगळा लॉगिन मिळतो का ते विचारा. प्रोप्रायटरशिपच्या खात्याला नॉमिनी नेमता येतो, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. हा रकाना रिकामा सोडू नका. मालक अचानक गेल्यावर त्या खात्यातल्या पैशासाठी घरच्यांना महिनोन्महिने फिरताना मी पाहिलंय, आणि त्याच आठवड्यात दुकानात माल उतरलेला असतो.

विम्याची पॉलिसी किंवा गुंतवणूक घेतली तरच खातं उघडू, असं कोणी सुचवलं तर नकार द्या. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

दुसरं छोटं खातं

सहा महिने झाले की दुसऱ्या बँकेत एक साधं खातं उघडा आणि त्यात पंधरा दिवसांच्या खर्चाइतकी रक्कम ठेवा. बँकेवरच्या निर्बंधांखेरीज आणखी एक कारण आहे. ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरत फिरत एखाद्या ग्राहकाच्या यूपीआयमधून तुमच्याकडे आला, तर सायबर पोलिसांच्या सूचनेवरून बँक तेवढी रक्कम गोठवते, कधी पूर्ण खातंच. तुमची चूक काहीच नसते, पण मिटेपर्यंत आठवडे जातात. त्या विक्रीचं बिल दाखवता आलं तर काम लवकर होतं, म्हणून मोठ्या यूपीआय विक्रीला बिल फाडाच.

पहिले तीन महिने, आणि खातं बदलायचं ठरलं तर

पहिल्या तीन महिन्यांत स्टेटमेंट दर महिन्याला छापून घ्या आणि शुल्काच्या ओळींवर पिवळी खूण करा. प्रत्येक खूण दरपत्रकाशी ताडून पाहा. चुकीचं शुल्क लागलं असेल तर शाखेला लेखी कळवा, ते परत मिळतं. योग्य असूनही जास्त वाटत असेल तर त्याच बँकेत खात्याचा दुसरा प्रकार मागा. बहुतेकदा खाते क्रमांक तोच राहतो आणि फक्त प्रकार बदलतो. बहिणीचं काम इथेच झालं. तिने त्याच शाखेत जास्त भरणा मोफत असलेला प्रकार घेतला आणि प्रदर्शनाची रोख दुसऱ्या गावच्या शाखेत भरण्याऐवजी साताऱ्यात आणून भरू लागली.

बँकच बदलायची असेल तर जुनं खातं आधी बंद करू नका. नवं खातं चालू झाल्यावर दुकानदारांना नवा क्रमांक छापील पत्राने कळवा, बिलांवरचा तपशील बदला, क्यूआर बदला, वीजबिल आणि कर्जहप्त्यांच्या वजावटी हलवा, जीएसटी पोर्टलवर खात्याची दुरुस्ती करा. दिलेले सगळे चेक वटेपर्यंत थांबा. दोन महिने जुन्या खात्यात एकही नोंद आली नाही की उरलेले चेक आणि डेबिट कार्ड परत करा, साउंडबॉक्सच्या भाड्याची वजावट थांबल्याची खात्री करा, वर्षाचं पूर्ण स्टेटमेंट उतरवून ठेवा आणि मग बंद करण्याचा अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.